वर अंगठा, खाली चिखल

मी मक्याचा दाणा बोलतोय. पेरलेल्यांत माझी गणती आहे, उगवलेल्यांत नाही. हजेरीपटावर नाव असून वर्गात नसलेल्या पोराची जी गत, ती माझी. असा पोरगा दिसला की माणसं विचारतात, तुझं कुठं अडलं रे? तेच सांगायला बसलोय. आणि सांगताना वयाचा मान ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला ज्यांनी अडकवलं ती सगळी मानाचीच माणसं होती.

जन्म कणसातला. कुठल्या शिवारातला ते माहीत नाही. कणसावर इतकी टरफलं असतात की आतून गाव दिसत नाही. मग यंत्रानं सोललं, चाळलं, अंगाला गुलाबी औषध चोपडलं आणि चार किलोच्या पिशवीत कोंबून तोंड शिवलं. बियाणं दिसावं म्हणून पिशवीला एक पारदर्शक पट्टी असते. मी नेमका त्या पट्टीमागं आलो. एवढंच काय ते माझं नशीब. पेरणीपर्यंतचं सगळं मी तिच्यातनंच पाहिलं.

दिंद्रुडच्या दुकानात फळीवर चार महिने काढले. मग दसरा झाल्यावर एक बाई आली. पिशवी उलटीपालटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला लागली.

"भाई, उगवण किती टक्के लिवलीय?"

दुकानदार मुनव्वरभाई हसला. "ताई, वाचता तर येतंय तुमाला. मला कावून इचारता?"

"मला येतंय. तुमाला येतंय का ते बगत हुते."

बाहेर मोटारसायकलवर बसलेला तिचा नवराही हसला. ही मोहिनी, आणि तो परमेश्वर. दोन पिशव्या घेतल्या, एका एकराच्या. वाटेत वाऱ्यात ती त्याला ओरडून सांगत होती, "मुकादमाला यंदा न्हाई म्हणून सांगा."

"मका उभा ऱ्हाऊ दे आधी," तो म्हणाला. "उगवण बगतो, मग सांगतो."

सगळा खेळ तो एवढाच. मोहिनी तीन हंगाम कोयत्यावर, म्हणजे मुकादमाच्या टोळीतनं ऊस तोडायला गेलती, कारखान्याच्या फडात. दर वर्षी जाताना दोन्ही म्हशी नणंदेच्या दारात बांधायच्या, आल्यावर आटलेल्या परत आणायच्या. यंदा कालव्याकडच्या एकरात मका करायचा, हिरवा कापून म्हशींच्या चाऱ्याचा मुरघास भरायचा, म्हशी घरात ठेवायच्या, आणि आपणही घरात राहायचं. हे तिनं ठरवलं होतं. मका उभा राहिला तर राहणार. नाही तर टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये दोन माणसं वाढणार. आमच्यासारख्या गुलाबी दाण्यांवर कुणी एवढं टाकलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. अंगावर काटा आला असता, पण दाण्याला काटा कुठला!

पिशवी ओसरीवरच्या खुंटीला टांगली. पट्टी रानाच्या बाजूला. तिथून मला दिसलं की ही बाई रानाला अभ्यासाला बसल्यासारखी बसलीय. सोयाबीन निघाल्याबरोबर तिनं खोल नांगरट करून घेतली. वरवर खरवडून भागवू म्हणणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "तुमी दाढी करताय का शेत?" नांगरटीची ढेकळं उन्हात तापू दिली. मग कालव्याचं पाणी सोडून रान ओलवलं. त्यानंतर रोज सकाळी एकच उद्योग. रानात जायचं, मूठभर माती दाबून गोळा करायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा फुटला तर वाफसा आला. तसाच पडून राहिला तर माती अजून ओली. पहिल्या दिवशी गोळा थपकन पडला. दुसऱ्या दिवशी तडकला, फुटला नाही.

"आजून दोन दिवस," ती ओसरीवर येऊन म्हणाली.

खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. हा आश्रुबा, तिचा सासरा. "अजिनाथचे बैल उद्याच मोकळे हायेत."

"मामा, माती फणाला चिटकंल."

"चाळीस वर्सं पेरतोय मी. माती मला इचारून वाळती."

आता आश्रुबाबद्दल सांगावं लागेल. ह्या माणसाची मूठ म्हणे पंचक्रोशीत नावाजलेली. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं औत; तिला वर एक लाकडी वाडगं असतं, चाडं. त्याच्या तळाला तीन भोकं, खाली तीन नळ्या, नळ्यांच्या टोकाला तीन फण. पेरणारा मुठीतनं बी सोडत चालतो, आणि ते तिन्ही भोकांत सारखं पडलं पाहिजे. एकेकाळी आश्रुबाची मूठ धरल्याशिवाय गावात पेरा सुरू होत नव्हता. आता ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं आली. मुठीला कुणी बोलवत नाही. उरलं ते घरचं हे एकर.

आणि उरलेली ती मूठ थरथरते.

हे अख्ख्या घराला माहीत होतं. मी पट्टीतनं बघायचो. सकाळी भामाबाई, म्हणजे त्याची बायको, ग्लासात अर्धाच चहा ओतायची. मोहिनीही अर्धाच. परमेश्वरनं कधी ओतला तर तोही अर्धा. का? तर भरलेला ग्लास त्याच्या हातात हिंदकळतो. अर्ध्या ग्लासाचा नियम कुणी केला, कधी केला, काही नाही. सगळे पाळतात आणि कुणीच बोलत नाही. म्हातारा अर्धा ग्लास पितो आणि समजतो की घरात सगळ्यांना तेवढाच मिळतो. अशा घराला काय म्हणावं? माणसं ह्याला माया म्हणतात. मी दाणा आहे, मला ह्याचा अर्थ नंतर नळीत कळला.

शेवटी म्हाताऱ्याचंच चाललं, पेरणी दुसऱ्याच दिवशी ठरली. त्या सकाळी मोहिनी म्हशींचं आवरत होती तेव्हा म्हाताऱ्यानं आम्हाला खुंटीवरून काढलं. हौदाच्या आडोशाला बादली घेतली आणि दोन्ही पिशव्या पाण्यात ओतल्या. चोळचोळून आमचं गुलाबी औषध धुऊन काढलं. भामाबाईनं पाहिलं.

"अवो, ते औषध हाय. पोरगी बोलंल."

"रंगानं दाणा निसटतोय. मुठीत ठरंना."

बघा म्हणजे. दाणा निसटत होता, हे कबूल. पण दोष रंगाचा. भामाबाई पदरानं तोंड पुसत आत निघून गेली. तिनं त्या क्षणी नुसती हाक मारली असती, "मोहिने, हिकडं ये," तर हे आत्मवृत्त सांगायची वेळ आली नसती. पण तिनं पन्नास वर्षं त्या माणसाचं झाकण्यात काढली होती, त्या दिवशी कशी उघडं पाडणार?

आम्ही ओले, फुगायला लागलेले, एकमेकांना चिकटत चाड्यात पडलो.

रानाच्या कडेला पाच खडे मांडले, हळदीकुंकू वाहिलं, चाड्यालाही लावलं. नारळ फुटला. अजिनाथ बैलांच्या मागं तिफणीला. आश्रुबा चाड्यावर. मागून मोहिनी, बी झाकायला बाभळीची फांदी ओढत. फांदीवर दगड बांधलेला. खोबऱ्याचा तुकडा चावत अजिनाथ म्हणाला, "काका, तुमच्या मुठीचा फोटू काढून पंचायतीत लावाय पायजे."

"लाव की. हार तू आण," आश्रुबा म्हणाला, आणि मूठ भरली.

त्या घरात एक रीत आहे. मूठ चालू असताना मुठीशी बोलायचं नाही. बोललं की मूठ बाटते. कुणी काढली ही रीत? ज्याला कुणी चूक दाखवू नये असं वाटत असेल त्यानंच काढली असणार. ही अक्कल मला एका दिवसात आली, त्या घराला तीन पिढ्यांत आली नाही.

पहिली तीन तासं निघाली. तास म्हणजे फणानं पाडलेली रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी चाड्यात वरून बघत होतो. मूठ थरथरली की एका भोकात सात-आठ दाणे एकदम जायचे, मग हातभर काहीच नाही. मक्याला वितीवर एक दाणा पुरतो. सात जण एका जागी गेले तर सातही भांडून खुरटणार. हे मोहिनीनं कुठंतरी शिकलेलं होतं, म्हाताऱ्यानं शिकायचं नाकारलेलं होतं.

चौथ्या तासाला वळताना अजिनाथनं बैल उभे असतानाच तिफण खाली टेकवली. ओल्या मातीत फण रुतले आणि मधल्या नळीच्या तोंडात चिखल शिरला. अगदी त्याच वेळी मूठ थरथरली आणि मी मधल्या भोकात पडलो. खाली आलो ते थेट चिखलात. पाय रोवायला जागा मिळाली म्हणून खूष झालो होतो हो! मग कळलं, हे रान नाही, हे बूच आहे. वरनं धडाधड दुसरे आले. ओले, चिकट. एकावर एक रचत गेले. नळी भोकापर्यंत भरली.

आता ऐका. भोक भरलं की चाड्यात बी साचतं. मूठ धरणाऱ्याला ते बोटांना लागतं. आश्रुबालाही लागलं. वरच्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसला, दाण्यांच्या फटीतनं. त्याला समजलं होतं. तिफण थांबवायची, नळीत काडी घालायची, दोन मिनिटांचं काम. पण थांबवली असती तर अजिनाथ मागं वळून बघणार. आश्रुबाची मूठ तासात अडली, हे संध्याकाळी पारावर जाणार.

त्यानं काय केलं? मधल्या भोकावर अंगठा ठेवला. दाबून. आणि दोन नळ्यांत बी सोडत चालत राहिला.

वर अंगठा, खाली चिखल. मधे मी.

मोहिनी हुशार. ती चालता चालता वाकून मधल्या रेघेतली माती बोटानं उकरत होती. एकदा उकरली, दोनदा उकरली, पुढं जाऊन तिसऱ्यांदा. बी नाही.

"मामा, मधली वळ रिकामी चाललीय."

अजिनाथनं जीभ चावली. बांधावरून भामाबाई ओरडली, "मोहिने! मुठीशी बोलू नी!"

"अवो पण आत्याबाई, बीच न्हाई तितं!"

"पुढं बग," आश्रुबा म्हणाला. अंगठा तसाच. त्या अंगठ्याची थरथर लाकडातनं माझ्यापर्यंत येत होती. दाबून ठेवलेली वस्तू जास्त थरथरते, हे मला तेव्हा कळलं.

परमेश्वर बांधावर उभा होता. बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मग मोबाइलकडं बघितलं. असल्या वेळी मोबाइल फार कामाला येतो माणसांच्या.

पेरणी संपली तेव्हा बी उरलं. पिशवीत तळाला उरतं तसं नाही. गच्च गाठोडं भरलं. मधल्या नळीचा सगळा वाटा. आश्रुबानं ते उन्हात वाळवलं, उपरण्यात बांधलं, गाठीवर गाठ मारली आणि खाटेच्या उशाला ठेवलं. "मुठीचं उरलेलं बी कणीस येईस्तवर सोडायचं नसतं," असं जाहीर केलं. एवढं कसं उरलं, हे घरात कुणी विचारलं नाही. चहा अर्धाच आला.

तिफण हौदाजवळ भिंतीला टेकवली. न धुता. म्हशी पाणी प्यायल्या की शिंतोडे उडायचे, बूच ओलं राहायचं. चौथ्या दिवशी मला मोड फुटला. सांगतो ती गोष्ट शरमेची आहे. बाहेर रानात माझे भाऊ मातीला धडका देत वर चढत होते, आणि मी लोखंडात उगवत होतो. मूळ खाली गेलं, चिखलाला अडलं, वळलं. कोंब वर गेला, भावाच्या पाठीला अडला, वळला. दोन्हीकडनं वळून माझं एक वेटोळं झालं. जोर होता हो. जोराला काही कमी नव्हतं. जागा नव्हती.

वरचे तर कोरडे राहिले, त्यांना तेही जमलं नाही. त्यातला एक म्हातारा दाणा, म्हणजे चाड्यात सगळ्यात आधी पडलेला, मला म्हणत होता, "धीर धर." मी म्हटलं, तू आधी उठ माझ्या डोक्यावरनं.

आठव्या दिवशी रानात हिरवं दिसलं. मला दिसलं नाही, ऐकू आलं. मोहिनी पळत गेली आणि चालत परत आली.

"दोन वळी हायेत, एक न्हाई. दोन हायेत, एक न्हाई. आन् ज्या हायेत त्यात बी कुटं गर्दी, कुटं हातभर रिकामं."

"जमीन वंगाळ हाय ती," आश्रुबा खाटेवरनं म्हणाला. "आन् तू मदीच बोल्लीस."

झालं. आठ दिवस नळीत कोंडून ठेवलेल्या माझ्या खुनाचा आळ त्यानं तिच्या बोलण्यावर घातला. आणि परमेश्वरचा फोन वाजला. मुकादम. "हां, हां... बगितलं... न्हाई, मका तसा... दोघं जण लिवा..."

"थांबा." मोहिनीनं त्याचा हात धरला. "एकदा थांबा." मग ती वळली ते थेट तिफणीकडं. छत्रीची मोडकी काडी घेतली. तिफण आडवी पाडली. मधल्या नळीत खालून काडी खुपसली.

बूच फुटलं. उजेड आला. मी आणि माझ्या मागं सगळी मिरवणूक खडखडत फरशीवर सांडली. कोरडे, आंबलेले, फुगलेले. आणि सगळ्यांत पुढं मी, वेटोळं झालेला, मातीनं माखलेला.

मोहिनीनं मला उचललं. खाटेपाशी गेली. आश्रुबाचा हात स्वतःच्या हातात घेतला, तळवा उघडा केला आणि त्यावर मला ठेवलं.

"ही बगा मदली वळ."

अजिनाथ बैल मागायला आलेल्या कुणाशी तरी बोलत दारात आला होता, तोही उभा राहिला.

"मामा, मी तुमाला चा अर्दा कावून देते, कदी इचारलंत?"

भामाबाई म्हणाली, "मोहिने, बास."

"न्हाई आत्याबाई. आपुन बास बास म्हणूनच हितवर आलो. मी बी त्यात हाय. मी बी अर्दाच वतते." तिचा आवाज फाटला. "मामा, तुमच्या हातानं पेरा झाला न्हाई म्हणून माजा राग न्हाई. नळी अडल्याली बोटाला कळून बी वर अंगटा ठिवला म्हणून राग हाय. तेवा थांबला असता, तर मीच काडी घातली असती. कुणाला कळलं बी नसतं."

तळव्यावर मी हलत होतो. उन्हात, सगळ्यांसमोर, तो हात थरथरत होता, आणि ह्या वेळी कुणी दुसरीकडं बघितलं नाही. परमेश्वरनंही मोबाइल खाली केला होता. पलीकडनं मुकादम हॅलो हॅलो करत होता.

"आज टोचलं तर आठ-नऊ दिसांचाच फरक पडतोय," मोहिनी म्हणाली. "रानाला आता बरोबर वाफसा हाय. गर्दी हाय तितली रोपं उपटू, रिकाम्या जागी नांगे भरू. पर बी तुमच्या उशाला हाय."

म्हाताऱ्यानं गाठोड्याकडं पाहिलं. बघा, आता सगळं कुठं येऊन अडलं. तीन हंगामांची दमलेली बाई, दोन म्हशी, एक एकर, टोळीचा ट्रॅक्टर, आणि मधे एका उपरण्याची गाठ. ती सोडली म्हणजे मूठ फसली, हे त्यानं स्वतःच्या हातानं कबूल केलं.

त्यानं ज्या हातात मी होतो ती मूठ मिटली. उरलेल्या हातानं गाठ धरली. बोटं गाठीवरून घसरायला लागली. एकदा, दोनदा. दातानं धरायला गेला, जमलं नाही. भामाबाई पुढं सरकली, मोहिनीनं तिला हातानं थांबवलं.

"माज्यानं सुटंना," आश्रुबा म्हणाला. इतक्या हळू की मुठीच्या आत असल्यामुळंच मला नीट ऐकू आलं. मग थोड्या मोठ्यानं, "माज्यानं सुटंना, पोरी. तू सोड."

मोहिनीनं गाठ सोडली. ओंजळीनं बी पदराच्या ओटीत घेतलं. परमेश्वरनं फोन कानाला लावला आणि म्हणाला, "भाऊ, आमची नावं नगा लिवू. न्हाई, न्हाई. यंदा न्हाई." खुरपं शोधायला आत गेला. अजिनाथनं टोपी सारखी केली आणि न बोलावता त्यांच्या मागं रानाकडं निघाला. भामाबाई आत गेली, आणि ग्लास काठोकाठ भरून घेऊन बाहेर आली. खाटेवर ठेवला. थोडा सांडला. तिनं पुसला नाही.

हे सगळं छान झालं. तुम्हालाही बरं वाटलं असेल. पण मी?

मी अजून त्याच्या मुठीत आहे. सगळे रानात पांगलेत, लांबून मोहिनीचा आवाज येतोय, "वितीवर एक, वितीवर एकच." आणि म्हातारा खाटेवर बसून मूठ आवळून रानाकडं बघतोय. पश्चात्ताप म्हणून धरलंय की सवय म्हणून, मला माहीत नाही. कणीस, पिशवी, चाडं, नळी, आणि आता ही मूठ. प्रत्येकानं मला प्रेमानंच आवळलं, असं सगळे सांगतील.

माझं मूळ वाकडं आहे, पण जिवंत आहे. आज मातीत गेलो तर सरळ होईन. उद्या नाही.

आश्रुबा, ऐकतोस का? त्या पोरीला गाठ सोडायला सांगितलीस, चांगलं केलंस. आता एक काम तुझं तुलाच करायचंय. खाटेवरनं उठ. बांधापर्यंत चालत जा, हात थरथरला तर थरथरू दे, कोण बघतंय ते बघू दे. खाली वाक. बोटं उघड.

दोन पेरं खोल. जास्त नको.